खोली ३४, चिप १०० : त्रिमूर्तीनगरातल्या एका तापलेल्या लॅपटॉपचं प्रकरण

लॅपटॉप आला तो कापडी पिशवीत, आणि सोबत चार्जर नव्हता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचे आठ-दहा दिवस मी जो अर्धवट शहाणपणा केला त्याचं निम्मं कारण हा न आणलेला चार्जर होता.

२०२४ चा मे, नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागायला चारेक दिवस होते. नागपूरच्या सीताबर्डीतल्या एका गल्लीत माझं लॅपटॉप दुरुस्तीचं टेबल आहे. दुपारी एक ते चार तिथे चिटपाखरू फिरकत नाही. अशा वेळी तोंडाला दुपट्टे बांधून बापलेक दारात उभे राहिले, तेव्हा काम चांगलंच अडलेलं असणार हे कळलं.

"गेम खेळता खेळता बंद पडून राहिला जी," वडील म्हणाले.

"बंद नाही बाबा. आधी अटकते, मग बंद पडते," पोरगा म्हणाला.

वडिलांच्या लेखी दोन्ही एकच होतं. माझ्या कानाला मात्र त्या दोन वेगळ्या तक्रारी वाटल्या. अटकणं म्हणजे चिप, मशीनचा प्रोसेसर, तापून स्वतःचा वेग कमी करते. तो बिघाड नव्हे, तिने स्वतःला वाचवण्याची सोय आहे. पण एवढी सोय असलेलं मशीन ताप वाढला म्हणून सहसा धाडकन बंद पडत नाही. मी दोन्ही गोष्टी कागदावर वेगळ्या लिहून घेतल्या. एवढं एक काम मी पहिल्या दिवशी नीट केलं.

त्याआधी ते दुसऱ्या एका दुकानात जाऊन आले होते. तिथे मदरबोर्ड गेला असं सांगून १२ हजारांचा आकडा दिला होता. वडिलांचा चेहरा त्या आकड्यानंतरचा होता. पोरगा बारावीत जाणार होता, त्यामुळे "नाहीच झाला दुरुस्त तर राहू द्या" असंही ते मधूनच पुटपुटले. पोरानं ते ऐकूनही न ऐकल्यासारखं केलं.

मशीन २०२० च्या शेवटी घेतलेलं, आठवीच्या ऑनलाइन वर्गांसाठी. इंटेलचा कोअर आय-५ १०३००एच, चार कोअर, मूळ वेग २.५ गिगाहर्ट्झ, जोर लावला की ४.५ पर्यंत जाणारा. सोबत एनव्हिडियाचं जीटीएक्स १६५० हे खेळांसाठीचं ग्राफिक्स कार्ड आणि ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणारा स्क्रीन. या प्रोसेसरचं कागदावरचं रेटिंग ४५ वॅट आणि तापमानाची हद्द १०० अंश. वर्गांसाठी घेतला म्हणतात सगळेच. १६५० कार्ड वर्गासाठी कोणी घेत नाही, पण तो बापलेकातला विषय, मी त्यात पडलो नाही.

उघडण्याआधी मोजून घेतलं. माझ्या टेबलाजवळ कूलर आहे, भिंतीवरचा थर्मामीटर ३१ दाखवत होता. माझाच एक जुळणारा चार्जर लावला, तापमान आणि वॅट दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो चालू केलं आणि चिपवर पूर्ण भार टाकणारं सिनेबेंच दहा मिनिटं सलग फिरवलं. पहिली काही सेकंदं चिपनं दणकून जोर लावला, मग आकडा १०० वर जाऊन खिळला आणि तिथेच राहिला.

इथे बरेच जण चुकतात. १०० दिसलं की १०० लिहून घेतात आणि पुढे जातात. पण चिप एकदा हद्दीला टेकली की तापमानाचा आकडा मुका होतो. त्यापुढे कचरा आणखी साचला काय किंवा चिपची उष्णता तांब्याकडे नेणारी पेस्ट आणखी सुकली काय, तो १०० च दाखवणार, कारण चिप वेग कमी करत जाते आणि ताप तिथल्या तिथे धरून ठेवते. अशा वेळी पाहायचे ते वॅट. या मशीनमध्ये ४५ वॅटची चिप २७ वॅटवर येऊन बसली होती. ३१ च्या खोलीत १०० म्हणजे ६९ अंशांची चढण, तीही फक्त २७ वॅटमध्ये. वॅटमागे अडीच अंश. चांगल्या अवस्थेतलं असं मशीन वॅटमागे सव्वा-दीड अंशात काम भागवतं, असा माझा टेबलावरचा अनुभव.

म्हणजे अटकण्याचा उलगडा झाला. पण दोन तास छळूनही ते बंद काही पडलं नाही. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे त्याच्या नोंदवहीत, कर्नल-पॉवर ४१ च्या पाच-सहा नोंदी होत्या. आधीच्या दुकानानं बहुधा त्याच पाहून मदरबोर्ड म्हटलं असावं. त्या नोंदीचा अर्थ इतकाच की मागच्या वेळी विंडोज रीतसर बंद झालं नव्हतं. का, ते ती सांगत नाही. बटण दाबून धरलं तरी तीच नोंद पडते.

"काका, डिसेंबरात तर मस्त चालत होता. उन्हाळ्यातच बिघडला," पोरगा म्हणाला आणि मोबाइलमध्ये एक फोटो दाखवला. मित्राला स्कोअर दाखवायला काढलेला, स्क्रीनच्या कोपऱ्यात तापमानाचे आकडे. सीपीयू, म्हणजे हीच चिप, ८६.

"तेव्हा खोलीत किती होतं?"

"स्वेटर घालून खेळत होतो जी."

डिसेंबरातली रात्र, खिडकी बंद. धरून चाला २०. म्हणजे ८६ वजा २०, ६६ ची चढण. आता हीच ६६ मेच्या खोलीत ठेवा. कूलर चालू असलेल्या वरच्या मजल्यावर दुपारी ३४ सहज असतं. ३४ आणि ६६, बेरीज १००. मशीन उन्हाळ्यात बिघडलंच नव्हतं. ते डिसेंबरातही तितकंच चोंदलेलं होतं. फक्त तेव्हा खालून २० अंश होते, म्हणून ८६ वर निभावलं. पंखा आणि पट्ट्या उष्णता बाहेरच्या हवेत टाकतात, हवेपेक्षा थंड काही करू शकत नाहीत. हवा दहा अंशांनी चढली की चिपही जवळपास दहा अंशांनी चढते. त्यामुळे नागपुरात चिपचा आकडा एकटा वाचायचाच नाही, त्यातून खोली वजा करायची. आपल्याकडे २३ मे २०१३ ला ४७.९ नोंदलं गेलंय आणि थंडीत रात्री दहाच्या खालीही जातं. थंड देशांतल्या लोकांनी '८५ म्हणजे चांगलं, ९५ म्हणजे वाईट' असे जे तक्ते केलेत, ते एवढा फरक पडणाऱ्या गावासाठी केलेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढायच्या आत, उघडला.

मागचं झाकण निघता निघेना. दहाच्या दहा स्क्रू काढले तरी टचपॅडच्या बाजूनं झाकण वर उचललेलं आणि ताणलेलं. कारण खाली बॅटरी फुगली होती. तीन सेलपैकी मधला उशीसारखा. पोरगा म्हणालाच होता की टचपॅडचा क्लिक लागत नाही, पण तो तक्रारीत धरत नव्हता, माऊसनं खेळतो म्हणून. फुगलेल्या बॅटरीशी खेळ करायचा नाही. टोचायची नाही, दाबून बसवायची नाही, पुन्हा चार्जही करायची नाही. आदल्या दिवशी ही पाहिली असती तर मी दोन तासांची चाचणी घेतलीच नसती. तो निष्काळजीपणा माझा. बॅटरी काढून पत्र्याच्या डब्यात वाळू घालून बाजूला ठेवली आणि नंतर ई-कचऱ्यात दिली. बॅटरीचा रिपोर्ट चाचणीच्या दिवशीच काढून ठेवला होता, पण वाचला नव्हता. ४५ वॅट-तासांची बॅटरी, पूर्ण चार्ज होऊन १९ वर थांबत होती.

मग पंखे. वरून पाहिलं तर पंखे बऱ्यापैकी स्वच्छ दिसतात आणि इथेच फसायला होतं. लोक फुंकणी मारतात, ब्रश फिरवतात, झाकण लावतात. कचरा असतो तो पंखा आणि तांब्याच्या पट्ट्या यांच्या सांध्यात, पंखा सोडवल्याशिवाय दिसत नाही. पंख्याचे तीन स्क्रू काढून तो बाजूला केला, तेव्हा पट्ट्यांच्या तोंडावर करड्या रंगाची एक सलग चकती बसलेली होती. चिमट्यानं एका टोकाला धरली तर अख्खी निघाली, बोटाएवढी लांब, दोनेक मिलिमीटर जाड, घट्ट, गोधडीच्या ठिगळासारखी. उजेडात धरली तर पलीकडचं दिसत नव्हतं. त्यात धूळ होती, केस होते आणि कापूस होता. कापूस पाहून मी थांबलो. टेबलावर ठेवून वापरलेल्या लॅपटॉपमध्ये कापूस येत नाही. तो गादीतून येतो.

दुसरी गोष्ट म्हणजे ती ओलसर होऊन वाळलेली होती. कूलरच्या दमट हवेत धूळ सुटी राहत नाही, लगद्यासारखी बसते आणि मग वाळून पुठ्ठा होते. हवा बाहेर जायच्या जाळीवर पांढरे ठिपकेही होते, बोअरच्या पाण्याचे असतात तसे. म्हणजे लॅपटॉप कूलरच्या नुसता खोलीत नव्हता, तोंडासमोर होता, तुषार उडतील इतका जवळ.

चिपवरची पेस्ट सुकून कडेला भुगा झालेली होती, मधोमध चिप उघडी दिसत होती. ती अल्कोहोलनं पुसली. नवी पेस्ट लावण्याऐवजी अलीकडे मी फेज-चेंज शीट वापरतो. गार असताना मेणकागदासारखी असते, ४५ अंशांच्या आसपास मऊ होऊन आपली आपण पसरते आणि तापणं-निवणं होत राहिलं तरी पातळ पेस्टसारखी कडेला ढकलली जात नाही. लॅपटॉपसाठी उत्तम, पण नागपूरच्या मेमध्ये ती लावणं हाच उद्योग. टेबलावर पाच मिनिटं ठेवली की कागदाला चिकटून बसते आणि सोलताना फाटते. म्हणून माझ्याकडे ती फ्रिजमध्ये असते, ताकाच्या भांड्याशेजारी. काढायची, लगेच सोलायची, लावायची.

इथे माझी एक चूक झाली, तीही लिहितो. मेमरी आणि वीजपुरवठ्याच्या भागांवरचे उष्णता वाहून नेणारे मऊ पॅड तुकडे पडण्याइतके वाळले होते, तेही बदलले. एका जागी जुना पॅड एक मिलिमीटरचा होता, माझ्याकडचा त्या मापाचा संपला म्हणून दीडचा लावला. मऊच असतो, दबेल, असा विचार. जोडून चालू केलं तर सीपीयू ठीक आणि ग्राफिक्स चिप दोन मिनिटांत आधीपेक्षा गरम. अर्धा मिलिमीटर दबला नव्हता. त्यानं तांब्याची पट्टी एका बाजूनं उचलून धरली होती आणि चिपला नीट टेकूच दिली नव्हती. पुन्हा उघडलं, इतवारी बाजारातून योग्य जाडीचा पॅड आणवला, नवी शीट लावली. एक शीट आणि दीड तास गेला, ते गिऱ्हाइकाच्या बिलात धरले नाहीत.

बॅटरी यायला चार दिवस लागले. ती बसवून पुन्हा तीच चाचणी घेतली. खोली तीच, ३१. या वेळी चिपनं पूर्ण ४५ वॅट ओढले आणि तापमान ८८ वर थांबलं. चढण ५७, वॅटमागे सव्वा अंश. आधीच्या निम्मी. साफसफाई, शीट आणि पॅडचे १,८०० आणि बॅटरीचे ३,४०० असे ५,२०० घेतले. १२ हजारांच्या तयारीनं आलेल्या वडिलांनी चहा मागवला.

तीन दिवसांनी पोराचा फोन.

"काका, बंद नाही पडत आता. पण मधीच एकदम ढिम्म होते. दहा-पंधरा मिनिटं. अन् मग आपोआपच ठीक होते."

"तेव्हा तापमान किती?"

"तेच तर. तेव्हा ७० च दाखवते."

वेग कमी आणि तापमानही कमी, म्हणजे हे तापून अटकणं नव्हे. दुसऱ्या कोणीतरी आवर घातलाय. दुकानात बसून याचा छडा लागला नसता, म्हणून त्या गुरुवारी, ३० तारखेला दुपारी तीनला मी गाडी काढली. वेड्यासारखं काम, पण आजार दुपारी तीनचा असेल तर तो सकाळी दहाला पाहून उपयोग नाही.

त्याच दिवशी नागपुरात एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले होते आणि संध्याकाळी सगळ्यांच्या मोबाइलवर तेच होतं. नंतर हवामान खात्यानं स्पष्ट केलं की ती सेन्सरची चूक होती. गावात पारा प्रत्यक्षात ४५ च्या आसपास होता. आमच्या धंद्यात हे रोजचं आहे. आकडा अजब दिसला की मी आधी मोजणाऱ्यावर संशय घेतो, म्हणून सोबत माझा वेगळा थर्मामीटर नेतो, माशांच्या टाकीत सोडतात तो वायरवाला.

त्रिमूर्तीनगरात दुमजली घर, पोराची खोली वरची, डोक्यावर उघडा स्लॅब. खिडकीत कूलर. कूलरसमोर जमिनीवर गादी. गादीवर लॅपटॉप, त्यामागे लोडासारखी गुंडाळून ठेवलेली रजाई. हिवाळ्यात तो टेबलावर बसायचा, पण कूलरची हवा टेबलापर्यंत पोचत नाही म्हणून उन्हाळ्यात बिऱ्हाड खाली आलेलं. लॅपटॉप हवा पोटाखालून ओढतो आणि मागून फेकतो. इथे पोट गादीत रुतलेलं, आणि मागून फेकलेली गरम हवा रजाईवर आपटून परत पोटाखाली. खोलीच्या मध्यावर माझा थर्मामीटर ३४ सांगत होता. त्याची वायर लॅपटॉपच्या पोटाखाली सरकवली, ४३. या पोराचा लॅपटॉप नागपूरच्या उन्हात ठेवल्यासारखाच होता, कूलरसमोर असून.

खेळ लाव म्हटलं. सीपीयू ९६, ग्राफिक्स ८४. बसलो बघत. वहिनींनी पन्हं आणून दिलं. चाळीसेक मिनिटांनी पोरगा ओरडला, "हे पाहा, झालं!" खेळ एकदम मंद. मी स्क्रीनचा उजवा कोपरा पाहिला. चार्जिंगचं चिन्ह गेलं होतं.

"चार्जर कुठे आहे?"

गादी आणि भिंत यांच्या फटीत. वायर तोकडी पडते म्हणून तिथे कोंबलेला, वरून चादर. हात घालून काढला आणि लगेच सोडला, धरवत नव्हता. त्याचा हिरवा दिवा विझलेला होता. फरशीवर ठेवला, दहा-बारा मिनिटांनी दिवा आपोआप लागला आणि खेळ पूर्ववत झाला.

आता सगळं जुळलं. १३५ वॅटचा तो डबा तासभर पूर्ण भारावर चादरीत गुंडाळलेला राहिला की तापून स्वतःला बंद करत होता. तीही संरक्षणाचीच सोय. चार्जर गेला की मशीन बॅटरीवर जातं. नवी बॅटरी भार पेलते, मात्र बॅटरीवर ग्राफिक्स कार्डला पुरेशी वीज मिळत नाही, म्हणून खेळ ढिम्म. जुनी, फुगलेली बॅटरी तो भार एक सेकंदही पेलत नव्हती, म्हणून मशीन धाडकन बंद. कर्नल-पॉवर ४१ चं गूढ एवढंच होतं. मदरबोर्डचा कुठेही संबंध नव्हता. आणि दुकानात ते कधीच बंद का पडलं नाही? कारण तिथे माझा चार्जर होता, शहाबादी फरशीवर, पंख्याखाली. पहिल्या दिवशी "चार्जर घेऊन या" एवढं म्हणालो असतो तर... पण तेव्हाही मी तो फरशीवरच ठेवला असता. त्यामुळे स्वतःला फार दोष देत नाही.

जमिनीवर बसूनच खेळणार, हे पोराचं ठाम होतं, आणि कूलर पाहता त्यात चूक काही नव्हती. मग लॅपटॉपखाली काय? कोपऱ्यात एक चौरंग दिसला, बरोबर मापाचा. मी हात लावला तशा वहिनी दारातून म्हणाल्या, "भाऊ, गणपतीचा आहे तो." सोडला. आतून एक जुना पाट मिळाला. त्यावर लॅपटॉप, मागच्या बाजूला कॅरमच्या दोन-दोन सोंगट्या एकावर एक चिकटवून पाय केले, रजाई उचलून कपाटात, चार्जर उघड्या फरशीवर एक्स्टेन्शन बोर्ड लावून. पाट कूलरच्या सरळ रेषेतून हातभर बाजूला घेतला, म्हणजे गार हवा मिळेल पण तुषार नाही. पोटाखाली आता ३५. सीपीयू ८७, ग्राफिक्स ७७. नऊ आणि सात अंश उतरले, पैसे शून्य.

निळ्या दिव्यांचा कूलिंग पॅड घरात होताच, ९०० रुपयांचा, वाढदिवसाला आलेला. तोही लावून पाहिला. आणखी दोन अंश. वाईट नाही, पण सोंगट्यांनी त्याला हरवलं. गादीवर ठेवला तर तो पॅड स्वतःच गादीतली गरम हवा वर ढकलतो, हेही दाखवलं.

आणखी एक घरगुती गोष्ट. खोलीचं दार गच्च बंद होतं, "थंडी बाहेर जाते" म्हणून. कूलर बाहेरची कोरडी हवा पाण्यातून ओढून गार करतो आणि आत ढकलतो. ती आत आली तशी कुठूनतरी बाहेर जायला हवी, नाहीतर खोली दमट होते आणि कूलरचा दम संपतो. दार हातभर उघडलं. अर्ध्या तासात खोली ३४ ची ३२ झाली. हे आपल्याकडे आजीला माहीत असतं, पण एसी असलेल्या मित्रांकडे जाऊन आलेल्या पोरांना नसतं.

उरलं ते मशीनच्या आतलं. पोरानं व्हिडिओ पाहून थ्रॉटलस्टॉप नावाचं सॉफ्टवेअर टाकून ठेवलं होतं, चिपचं व्होल्टेज कमी करून ताप उतरवण्यासाठी, पण ते आकडे हलतच नव्हते. हलणारही नव्हते. डिसेंबर २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट नावाची सुरक्षेतली फट जाहीर झाली. सॉफ्टवेअरमधून व्होल्टेज खाली ओढून इंटेलच्या चिपमधल्या संरक्षित भागात गडबड करता येते, असं संशोधकांनी दाखवलं. त्यानंतर बऱ्याच लॅपटॉपांच्या बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, हा दरवाजाच बंद करण्यात आला. तेव्हा तो नाद सोडायला सांगितला.

मग खेळाकडे वळलो. पोरगा व्हॅलोरंट खेळतो. चालू डावात फ्रेम, म्हणजे मशीननं रंगवलेली चित्रं, सेकंदाला दीडशेच्या वर पळत होत्या, स्क्रीन ६० हर्ट्झचा. गंमत म्हणजे नुसता मेन्यू उघडून बसला असतानाही पंखा तितकाच किंचाळत होता, कारण मेन्यूही तितक्याच वेगानं रंगवला जात होता. समोर कोणी नाही, गोळी नाही, आणि चिप घामाघूम. सेटिंगमध्ये मेन्यू, बॅकग्राउंड आणि खेळ यांच्यासाठी फ्रेमची वेगवेगळी मर्यादा घालता येते. मेन्यू आणि बॅकग्राउंडला ३० घातली, त्यावर त्याची हरकत नव्हती. खेळाला ६० म्हटल्यावर मात्र चेहरा पडला.

"साठवर मरतो मी काका. माऊस जड लागते."

यात तथ्य आहे. स्क्रीन ६० वेळाच बदलत असला तरी फ्रेम जास्त असल्या की हाताची हालचाल थोडी ताजी दिसते, आणि नेमबाजीच्या खेळात ते जाणवतं. मी १०० वर तडजोड केली. मोठ्या माणसांनी इथे उगाच ताणू नये. पोराला न पटलेली सेटिंग तुम्ही जिना उतरेपर्यंत बदललेली असते.

शेवटी पॉवर प्लॅन. विंडोजमध्ये 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' १०० वरून ९९ केलं की प्रोसेसर ४.५ पर्यंतची धाव घेत नाही, २.५ च्या मूळ वेगावर राहतो. एक टक्का दिसतो, पण ताप धपकन उतरतो, कारण शेवटच्या वेगासाठी चिप व्होल्टेज चढवते आणि वॅट तिथेच जळतात. दोन वेगळे प्लॅन करून दिले. पोरानं लगेच नावं ठेवली, 'उन्हाळी' आणि 'हिवाळी'. उन्हाळीवर फ्रेम शंभराच्या अलीकडे-पलीकडे राहिल्या, सीपीयू ७४, ग्राफिक्स ७०, खोली ३२. वजाबाकी ४२. कंपनीच्याच अॅपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय होती, तीही चालू केली. सतत चार्जरला लावलेली आणि तापलेली बॅटरी पूर्ण भरलेली राहिली की लवकर म्हातारी होते. पहिली त्यातच गेली असणार.

निघताना त्याला एवढंच काम सांगितलं, महिन्यातून एकदा खोलीचं तापमान आणि चिपचं तापमान, दोन आकडे मला पाठवायचे. ऑगस्टमध्ये आलं, '३१ – ७३'. कूलर बंद, नुसता पंखा, हवा चिकट, आणि वजाबाकी तीच ४२. सप्टेंबरात '३० – ७३', ४३. दिवाळीच्या सफाईत पोरानं स्वतः झाकण उघडून पंखा सोडवला आणि फोटो पाठवला. सांध्यात पातळ धुळीचा थर होता, कापूस नव्हता.

नोव्हेंबरात आकडे आलेच नाहीत. मी वडिलांना फोन केला.

"लॅपटॉप कपाटात आहे. फेब्रुवारीत बोर्डाची परीक्षा, चावी माझ्याजवळ," ते म्हणाले. मी विचारलं, ठेवताना बॅटरी किती होती. त्यांना ते माहीत नव्हतं. कपाट उघडून, चालू करून पाहिलं, ८०. तीन महिने ठेवायची असेल तर ५० च्या आसपास आणून ठेवा, असं सांगितलं आणि फोन ठेवला.

पाच मिनिटांत पोराचा मेसेज आला.

"काका, ऐंशीवरून पन्नासवर आणाले थोडं खेळा लागन न. तुम्हीच सांगा बाबाले."